संपाआधीचा वेताळ

दसरा झाला की आमच्या खळ्यात दोन गोष्टी वाळत पडतात. एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला, ओटीच्या पायरीजवळच्या सावलीत, इंद्रजाल कॉमिक्सचे जुने मराठी अंक. भाताला कडक ऊन लागतं. अंकांना ते सोसत नाही. तापल्या उन्हात तासभर राहिले तर कागद पापडासारखा होतो आणि घडीवर मोडतो. म्हणून दव सुकलं की तरटावर जुन्या धोतराचं पान पसरायचं, त्यावर अंक तंबूसारखे उलटे उभे करायचे आणि नुसता वारा द्यायचा. अर्ध्या अर्ध्या तासाने अंकाचं पान बदलायचं. जेवणाआधी सगळे अंक परत पेटीत, तळाला कडुनिंबाचा सुका पाला आणि वेखंडाचे तुकडे. हे काम आई करायची. आता मी करतो.

आमचं नाटे राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी. इकडे यशवंतगड, तिकडे साखरीनाटे हे मच्छीमार बंदर, पुढे आंबोळगड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि पाऊस नसतो तेव्हाही वारा खारा आणि ओला. इथे कागद टिकवणं हे वर्षभराचं काम आहे. ओल, बुरशी, कसर, वाळवी यांतलं काही ना काही सतत त्याच्या मागे लागलेलं असतं. पण कॉमिकचा पहिला शत्रू त्याच्या पोटातच असतो, आणि तो म्हणजे पीन. मधोमध दोन पिना असतात, खाऱ्या हवेत आधी त्या गंजतात, गंज कागदात उतरतो, पिनेभोवती तांबूस डाग धरतो, डागातला कागद कुजतो आणि एक दिवस मधलं जोडपान अलगद हातात येतं.

आईने हे फार लवकर ओळखलं होतं. अंक घरात सगळ्यांचा वाचून झाला की ती सुरीच्या टोकाने पिना उचकटून काढायची आणि गोधडीच्या सुईने तीन भोकं पाडून पाठ शिवायची. दोरा हाताशी असेल तो. त्यामुळे आमच्या काही अंकांच्या पाठीवर लाल टाके आहेत, काहींवर पांढरे, आणि एकावर जाळी विणायचा निळा नायलॉन. या शिवलेल्या अंकांतलं एकही पान आजवर सुटलेलं नाही.

अंक आणायचे काका. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. तरुणपणी ते मुसाकाजी बंदरात आगबोटीने उतरायचे असं सांगत. माझ्या आठवणीत मात्र ते गणपतीला आणि शिमग्याला रात्रीच्या एसटीने येतात, पहाटे कुत्री भुंकतात आणि ओटीवर ट्रंक टेकल्याचा आवाज होतो. ट्रंकेत वर कपडे, मध्ये खाऊ, आणि तळाला वर्तमानपत्रात बांधलेला अंकांचा गठ्ठा. नवे अंक घेणं परवडत नसे. रद्दीवाल्याकडे जुने निम्म्या किमतीत मिळत, आणि तिथे उकिडवं बसून काका ते तारखेच्या क्रमाने लावून घेत, म्हणजे आमची गोष्ट मध्येच तुटू नये. गठ्ठा माझ्या हातात देताना त्यांचं एकच सांगणं असे: "वाचून झालं की पुढच्याला द्यायचं. पेटीत कोंडून ठेवायचं नाही." जपणं आईचं आणि देणं काकांचं, या दोघांच्या ओढीत आमचा संग्रह वाढला.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला किंमत साठ पैसे. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे, मग मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर निर्माण केला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूचा मुलगा असून डाकूंशी लढणारा. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं तोवर अंकांची संख्या आठशेच्या घरात गेली होती. याच टाइम्समधल्या नोकरीतून बाहेर पडून अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा उभी केली, आणि तिच्यासाठी राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी जे काम केलं त्यावर आपल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांतला कृष्ण आणि शिवाजी घडला. अमर चित्र कथाही आमच्या पेटीत आहे. पण जीव वेताळावर.

त्याचं कारण मला खूप उशिरा कळलं. ली फॉकचा फँटम १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत जन्मला. मराठीत येताना तो वेताळ झाला, आणि त्या एका शब्दाने कोकणातल्या मुलासाठी सगळं चित्र बदललं. आमच्याकडे वेताळ म्हणजे झाडाला लोंबकळणारं भूत नव्हे, तो गावाचा राखणदार. खाली वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे. भक्त त्याला माणसाच्या पायात बसणार नाहीत एवढ्या मोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची फेरी मारतो आणि त्याच्या चपला झिजतात. हे ऐकत वाढलेल्या मुलाला पांढऱ्या घोड्यावरून जंगलाची राखण करणारा, पिढ्यान्‌पिढ्या न मरणारा, गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीची खूण उठवणारा वेताळ परका कसा वाटेल? तो आमच्या सड्यावरूनच जात असणार, अशी माझी खात्री होती. इंग्रजी अंकात हे नाही. इंग्रजी अंकात फक्त फँटम आहे.

काकांचं सांगणं मी पाळलं. साखरीनाट्यातला एक वर्गमित्र माझा पहिला वाचक होता. त्याच्या वडिलांची होडी होती, सुट्टीत तोही समुद्रावर जायचा, आणि जाताना अंक न्यायचा. एकदा परत आलेल्या अंकात वेताळाच्या घोड्याच्या मानेजवळ तारलीचं एक खवलं चिकटून आलं. आईने ते खरवडून काढलं नाही. अंक तिरका धरला की ते अभ्रकाच्या कपच्यासारखं आजही चमकतं. मित्र पुढे आखातात गेला. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर त्या पानाचा फोटो मागितला, मी पाठवला. फोटोत खवलं एक करडा डाग दिसतं. तरी त्याने तो फोटो मोठा करून आपल्या मुलीला दाखवला आणि तिला ती होडी, तो डोल, ती दुपार सगळं सांगितलं. चमक गेली, पण गोष्ट पोचली. कागद आणि पडदा यांचा विचार करताना मला हे दोन्ही एकदम आठवतं.

आणि आठवतो तो शिमगा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. मार्चमध्ये शिमग्याला काका आले ते ट्रंक घेऊनच आले, पण ट्रंकेत त्यांच्या खोलीवरची भांडी होती. मी बारा वर्षांचा होतो. भांडी उपसून तळापर्यंत हात घातला आणि विचारलं, "अंक?" काका काही बोलले नाहीत. आईने मला आत बोलावून घेतलं.

आधीच्या गणपतीत त्यांनी आणलेल्या गठ्ठ्यातला शेवटचा अंक दोन भागांच्या गोष्टीचा पहिला भाग होता. शेवटच्या चौकटीत वेताळ दोरीला लोंबकळतो आहे, दोरीचे पीळ सुटत आले आहेत, आणि बाकीची गोष्ट पुढच्या अंकात. तो पुढचा अंक शोधून ठेवतो असं काकांनी कबूल केलं होतं. मग ते दोन पावसाळे इथेच राहिले, दुसऱ्याच्या कलमांच्या बागेत राखणीला. नंतर मुंबईला गेले ते एका इमारतीवर वॉचमन म्हणून. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. आमच्या पेटीत ऑगस्ट १९८१ च्या अंकानंतर एकदम १९८५ चा अंक आहे, तो मी स्वतः राजापूरच्या स्टँडवर विकत घेतलेला. मधली तीन-साडेतीन वर्षं नाहीत. आमच्या घरात त्या वर्षांचा दुसरा कुठलाही कागद उरलेला नाही. ना हजेरीचं कार्ड, ना पगाराची पावती. संप आमच्या घरात कुठून कुठवर होता हे आज फक्त या कॉमिक्सवरून सांगता येतं.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं. आमची मागच्या बाजूची कौलं उडाली. मी आणि मुलगा ताडपत्री धरून उभे होतो, आणि माळ्यावर पेटी आहे हे माझ्या लक्षात आलं तोवर वरचे दोन गठ्ठे भिजले होते. ४७ अंक गेले. स्वस्त कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि वाळल्यावर अंकाची एक वीट होते. ती उघडायला गेलं तर चित्राचा रंग समोरच्या पानावर निघून येतो. माझ्याकडे २१४ अंक होते, आता १६७ आहेत. त्याच वादळात आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. टाळेबंदीमुळे भावाची मुलं गावी होती. पहिल्या रात्रीतच फोन झोपले. मग उरलेले कोरडे अंक खाली आले आणि पाचही दिवस ओटीवर वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर हातोहात फिरले. सगळ्यात धाकटी मुलगी, जिला मराठी वाचायचा कंटाळा यायचा, ती बोट ठेवून फुगे वाचत होती. ज्या कागदाची पाच तासांत वीट झाली, त्यानेच पाच दिवस घर सांभाळलं.

माझी भाची पुण्यात संगणकाचं काम करते. दिवाळीला आली तेव्हा मी त्या विटा तिला दाखवल्या. ती म्हणाली, "मामा, हे आधीच स्कॅन केलं असतं तर एवढं तरी उरलं असतं." ती बरोबर होती, आणि मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिने टॅबलेटवर शोधाशोध केली आणि अर्ध्या तासात माझ्यासमोर तो अंक ठेवला. चाळीस वर्षं अडकलेल्या गोष्टीचा दुसरा भाग, कुणा हौशी माणसाने आपल्या घरचा अंक स्कॅन करून ठेवलेला. मी चष्मा पुसला. बोटाने चौकट मोठी केली. दोरी तुटते, वेताळ खालच्या डोहात पडतो आणि पोहत बाहेर येतो. दोन चौकटींत सुटका. बारा वर्षांच्या मुलाने त्या दोरीचा जेवढा विचार केला होता, तेवढा लिहिणाऱ्यानेही केला नसेल. मला आनंद झाला, खरोखर झाला. आणि मग काका आठवले, जे हा अंक शोधून ठेवणार होते, आणि मी तसाच बसून राहिलो. अंक इंग्रजी होता. वेताळ अडकला होता मराठीत, सुटला तो इंग्रजीत.

तेव्हापासून पडद्याला नावं ठेवणं मी सोडलं. माझ्या वयाच्या डोळ्यांना फुग्यातली बारीक अक्षरं मोठी करून मिळतात, हे उपकारच आहेत. मुंबईला एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे पेटी ठेवायला जागा कुठली? त्यांनी आठशे अंक नखाएवढ्या कार्डावर ठेवले तर ते वाचकच आहेत, आणि माझ्याहून जास्त वाचतात. कागदाचा वास, स्पर्श यांच्या नावाने त्यांना कमी लेखू नये.

पण डिजिटल म्हणजे काय, हे नीट विचारायला हवं. स्कॅन करून आपल्या हातात ठेवलेली फाइल वेगळी आणि दुकानातून 'घेतलेलं' डिजिटल कॉमिक वेगळं. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा आपण वाचायची परवानगी घेतो, वस्तू नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं विकत घेतलेल्या वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. हक्कांचा घोळ झाला होता, पैसे परत दिले, पण पुस्तक रात्रीतून गेलं. २०१३ मध्ये जेमांगा ही जपानी कॉमिक्सची सेवा बंद पडली तेव्हा पैसे भरून जमवलेला वाचकांचा संग्रह तिच्याबरोबरच मिटला. वाळवीने खाल्लं तर निदान भुगा उरतो. शिवाय असं कॉमिक मी साखरीनाट्यातल्या मित्राला होडीवर न्यायला देऊ शकत नाही. काकांच्या सांगण्यातलं 'पुढच्याला द्यायचं' तिथे बसतच नाही, आणि माझ्या लेखी संग्रहाचा अर्धा प्राण त्यात आहे.

याच्या दुसऱ्या टोकाचा कागदही मला मान्य नाही. अमेरिकेत जुनं कॉमिक तपासून, दहापैकी गुण देऊन, कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ चा अंक दहा सेंटला विकला गेला होता, आज त्याची किंमत लाखो डॉलर आहे, आणि तो कुणी उघडत नाही. आमच्या खवल्याच्या अंकाला तिथे एकही गुण मिळणार नाही. कोकणात तसं प्लॅस्टिक चालणारही नाही. आत कोंडलेला दमटपणा कागदाला आतून खातो.

मला जे पटतं ते चांदोबा आणि किशोर या मुलांच्या मासिकांकडे बघून पटलं. चांदोबा मराठी घराघरांत होता. तो ज्या चांदमामाची मराठी आवृत्ती, त्याचं छापणं २०१३ मध्ये थांबलं, पुढे कंपनीचं संकेतस्थळही गेलं. आज जुने चांदोबा वाचायला मिळतात ते ज्या वाचकांनी घरचे अंक जपले आणि मग स्कॅन केले त्यांच्यामुळे. कागद नसता तर स्कॅन कशाचं करणार होते? आणि स्कॅन नसता तर तो कागद एका घरापुरता राहिला असता. बालभारतीने त्याहून चांगलं केलं. १९७१ पासूनचे किशोरचे अंक तिने संकेतस्थळावर सगळ्यांना मोफत खुले केले आहेत. ज्यांच्याकडे जुन्या मराठी कॉमिक्सचे हक्क आहेत त्यांनी असंच करावं, असं माझं कळकळीचं मागणं आहे. इंग्रजी इंद्रजाल शोधलं की सापडतं. मराठीचे अंक फार थोडे दिसतात. मराठीतला वेताळ, त्याचं बोलणं, ते हाताने लिहिलेलं अक्षर, हे मूळ इंग्रजीतून परत मिळवता येणार नाही. ते फक्त कोकणातल्या, देशावरच्या, मुंबईतल्या माळ्यांवर आहे.

आमचे १६७ अंक स्कॅन करायला दोन उन्हाळे लागले. भाचीने सपाट स्कॅनर आणला, आणि पहिल्याच शिवलेल्या अंकाला अडचण आली. काचेवर पान सपाट बसायचं तर पाठीचे टाके तोडावे लागणार होते. तिने कात्री हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. मग गावातल्या सुताराकडून प्लायवूडचा एक पाळणा करून घेतला, अंक अर्धाच उघडा राहील असा, आणि वरून कॅमेऱ्याने एकेक पान टिपलं. त्यामुळे पाठीकडची अक्षरं किंचित वाकडी आली आहेत आणि प्रत्येक जोडपानाच्या मधोमध आईचा दोरा दिसतो. भाची म्हणाली, संगणकावर तो दोरा पुसून टाकता येईल. तोही राहू दिला. फाइलींच्या तीन प्रती केल्या. एक इथे, एक पुण्याला, एक आखातात मित्राकडे. तो आपल्या मुलीला त्या फाइलीतून मराठी वाचायला शिकवतो.

ज्यांनी स्कॅन झालं म्हणून मूळ अंक रद्दीत घातले, त्यांनी चूक केली असं मी स्पष्ट म्हणेन. आणि ज्यांचे अंक अजून एकाच पेटीत, एकाच छपराखाली आहेत, ते दर जूनला ते पणाला लावतात. मी चाळीस वर्षं लावले आणि ४७ अंक घालवले.

माझ्याकडे सप्टेंबर १९८१ पासून १९८४ अखेरपर्यंतचे मराठी इंद्रजाल नाहीत. त्यातला एकही अंक मला स्वतःसाठी नको, ती जागा आमच्या पेटीत रिकामी आहे तशीच राहील. पण तुमच्या माळ्यावर ते असतील, तर यंदा मृग लागायच्या आत खाली काढा. पिना काढून टाका, सावलीत वारा द्या, एकेक पान टिपून ठेवा. आणि मग ते कुणाला तरी वाचायला द्या.